ऑटोक्रॉस आणि रोजचा रस्ता: परफॉर्मन्स टायर कसे निवडावेत?

डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या मैदानावर शंकू मांडून वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. या लेखात ऑटोक्रॉस म्हणजे हा प्रकार. काही देशांत याच नावाने मातीवर किंवा गवतावर शर्यती होतात. त्यांना लागणारे टायर पूर्ण वेगळे असतात, त्यामुळे त्यांचा विचार इथे केलेला नाही.

शंकूंची एक फेरी साधारण ४० ते ७० सेकंदांत संपते. गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते. दिवसभरात तीन ते सहा फेऱ्या मिळतात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी दहा-वीस मिनिटं किंवा त्याहून जास्त उभी असते. म्हणजे अख्ख्या दिवसात टायरची खरी परीक्षा होते ती जेमतेम पाच-सहा मिनिटं. बाकीचं वर्षभर तोच टायर ऑफिसच्या चकरा मारतो, पावसात भिजतो, खड्डे झेलतो. नवखी मंडळी या पाच मिनिटांसाठी टायर घेतात आणि वर्षभर आवाज, पाणी आणि लवकर होणारी झीज सोसत बसतात. म्हणून ‘सगळ्यात जास्त पकड कशाची’ हा प्रश्न शेवटी विचारायचा. त्याआधी ठरवायच्या गोष्टी बऱ्याच आहेत.

पायरी १: गाडीचा वापर कागदावर मांडा

चार गोष्टी लिहून काढा. वर्षाला रस्त्यावर किती किलोमीटर होतात? स्पर्धेचे दिवस किती? मैदानापर्यंत त्याच टायरवर जायचं आहे का, आणि वाटेत मुसळधार पाऊस लागू शकतो का? थंडीत तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली जातं का?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो अर्धे पर्याय एका फटक्यात बाद करू शकतो. उन्हाळी परफॉर्मन्स टायरचं रबर ७ अंशांच्या आसपास कडक व्हायला लागतं आणि ओल्या थंड रस्त्यावर त्याची पकड साध्या ऑल-सीझन टायरपेक्षाही कमी पडते. शून्याच्या बरंच खाली, उणे ७ अंशांच्या पुढे, अशा टायरवर गाडी नुसती हलवली तरी रबराला तडे जाऊ शकतात. बहुतेक कंपन्या ही सूचना स्पष्ट देतात आणि असे तडे वॉरंटीत धरत नाहीत.

पहिल्या तीन-चार स्पर्धांसाठी नवे टायर घेऊच नका, असं आमचं ठाम मत आहे. गाडीवर आहेत ते टायर धडधाकट असले की पुरे. धडधाकट म्हणजे नक्षी किमान ३ मिमी उरलेली, वय सहा वर्षांच्या आत, साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) फुगा किंवा कट नाही. कमी पकडीच्या टायरवर चुका हळू घडतात आणि कानावर पडतात: आधी टायर गुणगुणतो, मग ओरडतो, मग सरकतो. चिकट टायर बराच वेळ गप्प राहतो आणि एकदम सुटतो. शिवाय त्याची जास्तीची पकड चुकीची रेषा झाकून टाकते. वेळ चांगली येते, पण हात सुधारत नाही.

पायरी २: नियमपुस्तक टायरच्या दुकानाआधी

बहुतेक हौशी स्पर्धांत गट टायरवरून ठरतात. अमेरिकेतल्या एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) सोलो नावाच्या ऑटोक्रॉस स्पर्धांचं उदाहरण घ्या. तिथल्या स्ट्रीट गटात टायरचा ट्रेडवेअर आकडा (तो किती सावकाश झिजतो याचा) २०० किंवा त्याहून जास्त लागतो, रिमची रुंदी कंपनीने दिलेलीच ठेवावी लागते आणि रिमच्या व्यासात एक इंच वर-खाली चालतं. जगभरच्या अनेक क्लबांनी हाच २०० चा उंबरठा उचलला आहे. १८० आकड्याचा टायर घेतलात तर तुम्ही थेट वरच्या गटात जाता, जिथे समोर सस्पेन्शन बदललेल्या गाड्या उभ्या असतात.

तीन गोष्टी तपासा: किमान ट्रेडवेअर, रिमची परवानगी असलेली रुंदी आणि व्यास, आणि नावानिशी बंदी घातलेल्या टायरची यादी. ही यादी दरवर्षी बदलू शकते, म्हणून चालू हंगामाचंच पुस्तक वाचा.

आता त्या ट्रेडवेअर आकड्याबद्दल थोडं. तो यूटीक्यूजी या टायरचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी पद्धतीतला आहे. ठरलेल्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा सुमारे ११,५०० किमी चालवून, संदर्भासाठी नेमलेल्या टायरच्या तुलनेत झीज मोजतात. संदर्भ टायर १०० धरला, तर २०० चा टायर त्या चाचणीत दुप्पट टिकायला हवा. मात्र हा आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. प्रत्यक्षात जितका टिकतो त्याहून कमी आकडा छापायला कोणी अडवत नाही, आणि स्पर्धेचा उंबरठा २०० असल्यावर २०० च का छापतात हे उघड आहे. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे ‘२००’ एकसारखे टिकतील, अशी अपेक्षा ठेवू नका. याच पद्धतीत ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून पकड मोजतात (एए, ए, बी, सी) आणि उष्णता सहन करण्याची क्षमता (ए, बी, सी) देतात. वळणातली पकड यातला एकही आकडा सांगत नाही.

पायरी ३: टायरची जात ओळखा

ऑल-सीझन टायरवर खेळता येतं, पण त्याच्या नक्षीत उंच, बारीक काप असलेले ठोकळे असतात. जोराच्या वळणात ते वाकतात, तापतात आणि बाहेरच्या खांद्यावरून (नक्षी आणि साइडवॉल जिथे मिळतात ती कड) त्यांचे तुकडे उडतात. स्पर्धेसाठी मुद्दाम विकत घ्यावा असा हा प्रकार नाही.

त्याच्या वरची पायरी म्हणजे मॅक्स परफॉर्मन्स उन्हाळी टायर. मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस (ट्रेडवेअर ३००) आणि कॉन्टिनेन्टल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ (३४०) ही यातली ओळखीची नावं. पावसात उत्तम, आवाज माफक, आणि सुटतात ते सांगून सुटतात. एकाच संचावर वर्ष काढायचं असेल, पाऊस असेल आणि स्पर्धा पाच-सहाच असतील तर इथेच थांबा. २०० च्या चांगल्या टायरपुढे एका मिनिटाच्या फेरीत एक-दोन सेकंद मागे पडाल, पण नवख्याच्या स्वतःच्या दोन फेऱ्यांत याहून जास्त फरक असतो.

मग येतो ऑटोक्रॉसचा खरा गाभा: २०० चा गट. ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस, योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२, फाल्कन अझेनिस आरटी६६०, कुम्हो एक्स्टा व्ही७३०, हँकूक व्हेंटस आरएस४. आकडा सगळ्यांचा २००, स्वभाव मात्र निरनिराळे. ए०५२ थंड असतानाच पकडतो, म्हणजे पहिल्या फेरीपासून वेगवान. पण तो लवकर तापतो, आणि एका गाडीवर दोन चालक असतील तर पाणी मारून थंड ठेवावा लागतो. आरएस४ याच्या दुसऱ्या टोकाला. त्याला गरम व्हायला वेळ लागतो, मग मात्र तो शर्यतीच्या ट्रॅकवर वीस मिनिटं एकसारखा राहतो आणि झिजतोही सावकाश. शंकूंच्या एका मिनिटात तो गरम होईपर्यंत फेरी संपलेली असते. म्हणूनच ट्रॅकवाल्यांनी वाखाणलेला टायर ऑटोक्रॉसला तितका कामाचा ठरेलच असं नाही. सल्ला देणाऱ्याला आधी विचारा की तो यातलं नेमकं काय खेळतो.

हे टायर रस्त्यावर चालवता येतात, पण नव्यातही त्यांची नक्षी उथळ असते, खाचा कमी असतात. रस्ता गुणगुणतो, स्टिअरिंग चाकोऱ्यांच्या मागे ओढलं जातं, मऊ रबराला खडे चिकटून चाकाच्या कमानीत तडतडतात. आयुष्य १५,००० किमी मिळालं तरी बरंच म्हणायचं.

त्याच्या पलीकडे मिशलिन पायलट स्पोर्ट कप २ (१८०), टोयो प्रॉक्सेस आर८८८आर (१००), आणि अगदी टोकाला हूझियर ए७ (४०). शेवटच्या दोघांवर रस्त्याच्या मान्यतेची खूण असली तरी पावसात त्यांच्यावर घरी जाणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. नवख्याने या कपाटाकडे दोन हंगाम तरी पाहू नये.

पायरी ४: माप

बाजूवर लिहिलेलं वाचता आलं पाहिजे. समजा २२५/४५ आर१७ ९१डब्ल्यू. टायरची रुंदी २२५ मिमी. साइडवॉलची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिमी. रिमचा व्यास १७ इंच, म्हणजे ४३२ मिमी. दोन्ही बाजूंच्या भिंती धरून एकूण व्यास ६३४ मिमी. ९१ हा भारांक, म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. डब्ल्यू म्हणजे २७० किमी प्रतितास. मूळ टायरपेक्षा भारांक कमी असलेला टायर घ्यायचा नाही, मग तो कितीही स्वस्त मिळो.

आता त्याच रिमवर २४५/४० आर१७ घालायचा मोह होतो. व्यास येतो ६२८ मिमी, फरक एक टक्क्याचा. स्पीडोमीटर किंचित जास्त दाखवेल आणि गिअर तेवढाच आखूड होईल, इथवर हरकत नाही. अडचण रुंदीची आहे. २२५/४५ ला ७ ते ८.५ इंचांची रिम चालते, २४५/४० ला ८ ते ९.५ इंच लागते. कंपनीची रिम ७.५ इंचांची असेल तर २४५ त्यावर बसवायचाच नाही. बसवणारा कोणी भेटलाच, तरी भिंती आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि वळणात टायर रिमवर डुलतो. पकड वाढत नाही, स्टिअरिंग मात्र रबरी होतं. उलट २२५ चा टायर ८ किंवा ८.५ इंचांच्या रिमवर ताठ उभा राहतो आणि स्टिअरिंग फिरवताच वळतो. नियम परवानगी देत असतील तर आधी रिम रुंद करा, टायर नंतर. रिम अर्धा इंच बदलली की टायरची प्रत्यक्ष रुंदी साधारण ५ मिमीने बदलते, हे चाकाच्या कमानीतली जागा मोजताना लक्षात ठेवा.

मोठी रिम म्हणजे वेग, हा गैरसमज फार पसरलेला आहे. १८ ऐवजी १७ इंचांची रिम सहसा हलकी असते, टायर स्वस्त पडतो आणि खड्ड्यात रिम वाकण्याची भीती कमी होते. लहान रिमकडे जाताना अडतो तो ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग). विकत घेण्याआधी रिम प्रत्यक्ष हबवर (गाडीचा जो भाग चाकाला धरतो) लावून हाताने फिरवून पाहा, कॅलिपर आणि रिमच्या आतल्या बाजूत ३ मिमी तरी मोकळी जागा हवी.

माप ठरवण्याआधी एक व्यवहार्य गोष्ट: तुमच्या पसंतीचा टायर त्या मापात बनतो का, ते पाहा. २०० च्या गटात मोजकीच मापं येतात. सर्वांत चांगला टायर तुमच्या मापात नसेल तर दुसरी रिम घ्यायची की दुसरा टायर, हा हिशोब तिथेच होतो.

पायरी ५: एक संच की दोन?

वर्षाला आठ-दहा स्पर्धांच्या पुढे गेलात की दोन संच स्वस्त पडतात. रस्त्यासाठी शांत, टिकाऊ टायर आणि स्पर्धेसाठी २०० चा संच वेगळ्या रिम्सवर. रिम्सचा खर्च एकदाच होतो. महागडं रबर ऑफिसच्या रस्त्यावर झिजत नाही आणि पावसाची चिंता उरत नाही. डिकीत आणि मागच्या सीटवर चार चाकं मावतात का, हे आधी बघा. लहान हॅचबॅकमध्ये सीट पाडून बहुधा मावतात, दोन सीटच्या गाडीत नाही.

दुसऱ्या रिम्स घेताना बोल्टचं अंतर, ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते) आणि मधल्या भोकाचा व्यास जुळायला हवा. भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये बसणारी कडी लागते. ती नसेल तर चाक नटांवरच मध्यात येतं आणि हायवेवर स्टिअरिंग थरथरतं. नटाची बैठक (निमुळती, गोल किंवा सपाट) रिमशी जुळलीच पाहिजे. निमुळत्या बैठकीच्या रिमला गोल बैठकीचा नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि नंतर सैल होतो. चाक निसटण्याची ही एक जुनी वाट आहे.

चारही टायर एकाच जातीचे घ्या. पुढे चिकट आणि मागे साधा असा संसार मांडला तर जोराच्या वळणात मागचा भाग आधी सुटतो आणि ओल्या रस्त्यावर तर हमखास. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत चारही टायरची नक्षी साधारण सारखी हवी. दोन मिमीच्या आसपास फरक पडला तरी चाकांचे घेर वेगळे होऊन डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरपेटी) विनाकारण राबत राहतो.

पायरी ६: हातात घेऊन तपासा, मग बसवा

साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. हे अंक कधी कधी एकाच बाजूला असतात, म्हणून दोन्ही बाजू पाहा. स्पर्धेचं मऊ रबर वयाबरोबर कडक होतं, नक्षी शिल्लक असली तरी. दोन वर्षांपेक्षा जुना साठा घसघशीत सवलतीशिवाय घेऊ नका. वापरलेले टायर घेत असाल तर अंगठ्याचं नख रबरात दाबून पाहा. नवं रबर दबतं आणि परत येतं. काचेसारखं कडक, चकाकणारं रबर किती गरम-थंड फेऱ्या खाऊन आलंय, ते विकणारा सांगत नाही.

बसवताना ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर, फिरण्याचा बाण असेल तर पुढच्या दिशेला. दुकान सोडण्याआधी चारही चाकं नजरेखालून घाला. बाणाची चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, डिकीत दोघांना बसवून गाडी खाली दाबा आणि कमानीत कुठे घासतंय का ते ऐका. नट टॉर्क रेंचनेच, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला, चांदणीच्या क्रमाने आवळा. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासा.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो. दोन-तीनशे किलोमीटर सौम्य चालवून तो जाऊ द्या. बॉक्समधून काढलेला टायर घेऊन सकाळी थेट मैदानावर जाऊ नका. शक्य असेल तर पहिल्यांदा बेताने तापवा आणि २४ तास तसाच सोडा. पहिल्या उष्णतेनंतर रबर स्थिरावतं आणि पुढची झीज एकसारखी होते.

पायरी ७: हवा

मैदानावर फुकट मिळणारा वेळ इथे आहे, आणि तो बहुतेक नवखे सोडून देतात.

साहित्य: अर्धा पीएसआय वाचता येईल असा, हवा सोडायचं बटण असलेला गेज, १२ व्होल्टचा पंप किंवा पायपंप, पांढरा खडू आणि वही. गेज नेहमी एकच वापरा. दोन गेज दोन-तीन पीएसआयने सहज वेगळं दाखवतात.

सुरुवात दाराच्या चौकटीवर छापलेल्या आकड्यापासून. समजा तिथे ३२ आहे. मॅक्स परफॉर्मन्स टायरवर पुढे थंड असताना ३६ ठेवून निघा, २०० च्या ताठ भिंतीच्या टायरवर ३२ ते ३४. साइडवॉलवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच नाही.

फेरीआधी प्रत्येक टायरच्या खांद्यावर तीन ठिकाणी, साधारण सारख्या अंतरावर, नक्षीच्या कडेपासून साइडवॉलकडे उतरणारी खडूची रेघ ओढा. बऱ्याच टायरवर खांद्याशी छोटा त्रिकोण कोरलेला असतो, त्याच्या टोकाजवळून रेघ न्या. फेरी संपल्यावर, टायर गरम असताना पाहा. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला तर हवा बरोबर. त्याच्या खाली साइडवॉलपर्यंत पुसला गेला तर टायर लोळतोय, २ पीएसआय वाढवा. त्रिकोणाच्या बरंच वर रेघ शाबूत असेल तर कडा कामच करत नाही, १ ते २ पीएसआय सोडा. एका फेरीत एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

टायर ५-६ अंशांनी तापला की हवा साधारण १ पीएसआय वाढते. म्हणजे ३३ वर निघालेला टायर तिसऱ्या फेरीनंतर ३७-३८ दाखवू शकतो. लक्ष्य गरम आकड्याचं ठेवा आणि फेऱ्यांच्या मध्ये जास्तीची हवा सोडत राहा. गाडी उन्हात उभी असेल तर उन्हाकडची चाकं एक-दोन पीएसआय जास्त दाखवतात. दुपारपर्यंत हा फरक ‘गाडी डावीकडे नीट वळत नाही’ अशा तक्रारीचं रूप घेतो.

समतोलही हवेने थोडा फिरवता येतो. पुढच्या चाकांनी चालणारी गाडी पुढून सरकत असेल तर मागे २ पीएसआय वाढवा. मागचा भाग सुटत असेल तर मागची कमी करा. ही किरकोळ डागडुजी आहे. ६-७ पीएसआय हलवूनही फरक पडत नसेल तर मूळ अडचण अलाइनमेंटमध्ये किंवा चालकात आहे.

गरम टायरमधून सोडलेली हवा घरी निघताना परत भरायची. गरम असताना ३४ वर आणलेला टायर दुसऱ्या दिवशी सकाळी २९ दाखवेल, आणि त्याच अवस्थेत तो हायवेवर गेला तर खांदे तापतात, झिजतात आणि खड्ड्यात रिमला मार बसतो.

पायरी ८: उष्णता

हात टेकवून पाहा. तळवा आरामात टिकत असेल तर टायर अजून थंड आहे, दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटला तर कामाच्या तापमानात आहे, क्षणभरही टिकत नसेल तर पाणी मारायची वेळ झाली. सुईचा पायरोमीटर (रबरात सुई टोचून तापमान मोजणारं यंत्र) असेल तर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन जागी, गाडी थांबताच मोजा. मधला भाग दोन्ही कडांपेक्षा गरम म्हणजे हवा जास्त. बाहेरची कड खूप गरम म्हणजे कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकलेला कल) कमी किंवा हवा कमी. इन्फ्रारेड बंदूक फक्त पृष्ठभाग वाचते आणि तो सेकंदात थंड होतो, म्हणून तिच्या आकड्यावर फार भरवसा नको.

पाण्यासाठी बागेतला पाच लिटरचा दाबपंप पुरतो. गाडी थोडी पुढे ढकलून पूर्ण घेरावर मारा. एकाच जागी मारलं तर टायर एका बाजूला थंड आणि दुसरीकडे तापलेला राहतो. सुरुवातीच्या रेषेवर थारोळं करू नका, पहिल्याच इंचात चाकं फिरतील आणि मागच्या गाड्यांचे शिव्याशाप मिळतील ते वेगळे.

पायरी ९: झीज वाचा, मग खर्च करा

मॅकफर्सन स्ट्रट (सस्पेन्शनचा एक साधा प्रकार) असलेल्या बहुतेक साध्या गाड्यांत कारखान्यातून निगेटिव्ह कॅम्बर जवळजवळ नसतो. वळणात गाडी झुकते, बाहेरचं चाक कडेवर उभं राहतं आणि मधली नक्षी नवी असताना बाहेरचा खांदा संपतो. चिकट टायर हे आणखी बिघडवतो, कारण जास्त पकड म्हणजे जास्त झुकाव. कॅम्बर बोल्ट किंवा वरच्या माउंटने पुढे उणे १.५ ते २.५ अंश मिळाले की वेळही सुधारते आणि टायरही जास्त टिकतो. दुसऱ्या महागड्या संचाच्या पैशात हे आधी करून घ्या. रस्त्यावरच्या झिजेची भीती दाखवली जाते, पण उणे २ अंशांपर्यंतच्या कॅम्बरपेक्षा चुकलेला टो (वरून पाहिल्यास चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते) टायर फार लवकर खातो. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, म्हणून अलाइनमेंट पूर्ण करून घ्या.

दर दोन-तीन स्पर्धांनी पुढचे मागे करा. बाण असलेला टायर रिमवरून काढून गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या रिमवर चढवला तर फिरण्याची दिशा तीच राहते आणि झिजलेली बाहेरची कड आत जाते. अशाने एका संचातून बरेच जादा दिवस निघतात.

पायरी १०: पाऊस, साठवण आणि निरोप

२०० चा टायर ३ मिमीच्या खाली गेला की साचलेल्या पाण्याच्या रस्त्यावर तो न्यायचा नाही. कायद्याची खूण बहुतेक ठिकाणी १.६ मिमीला असते, पण रुंद, कमी खाचांचा टायर त्याच्या कितीतरी आधी पाण्यावर तरंगायला लागतो. कोरड्या मैदानावर मात्र हीच उथळ नक्षी फायद्याची ठरते, ठोकळे वाकत नाहीत आणि स्टिअरिंग तीक्ष्ण होतं. दोन संच असतील तर झिजलेला संच कोरड्या दिवसांसाठी वापरा.

हंगाम संपला की टायर धुऊन, वाळवून, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा. अंधारी, थंड पण न गोठणारी खोली चांगली. विजेची मोटर असलेल्या यंत्रांपासून आणि वेल्डिंगपासून लांब ठेवा, त्यांतून निघणारा ओझोन रबराला तडे पाडतो. टायर चमकवणारं द्रव्य लावू नका.

रबराखालच्या तारा दिसल्या की टायर संपला, तपासणीत गाडी परत पाठवतात. पण मऊ रबर त्याआधीच दगा देतं: नक्षी दिसते, हवा बरोबर आहे, खडू जागच्या जागी पुसला जातो, तरी तीन फेऱ्यांनंतरही टायर पकडत नाही आणि कडेला निळसर चकाकी येते. असा संच रस्त्यावर संपवा आणि स्पर्धेसाठी नवा मागवा, तोही हंगाम सुरू व्हायच्या महिनाभर आधी, कारण लोकप्रिय मापं पहिल्या स्पर्धेच्या आठवड्यात मिळत नाहीत.